डॉकिंगमध्ये कर्क्युमिन अकार्बोजपेक्षा भारी, लॅबमध्ये नेमकं उलटं: चूक कोणाची?

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो, कुठे चुकलो तर सांगा. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही पॅनक्रियाटिक अल्फा-अमायलेजवर (स्टार्च तोडणारं स्वादुपिंडाचं एन्झाइम) वनस्पतींमधली बारा कंपाउंड ऑटोडॉक व्हिना या प्रोग्रॅममध्ये डॉक केलीत, म्हणजे प्रत्येक रेणू एन्झाइमच्या खिशात कसा आणि किती घट्ट बसेल याचा कॉम्प्युटरवर अंदाज काढलात. हळदीतल्या कर्क्युमिनला स्कोअर उणे ९.४ आला आणि स्टँडर्ड म्हणून घेतलेल्या अकार्बोज या मधुमेहाच्या औषधाला उणे ७.९ (किलोकॅलरी प्रति मोल; जितका जास्त उणे तितकं बाइंडिंग घट्ट). मग डीएनएसए मेथडने (सुटलेली साखर रंगावरून मोजायची पद्धत) लॅबमध्ये बघितलं तर अकार्बोज एन्झाइमला व्यवस्थित इनहिबिट करतंय, म्हणजे अडवतंय, आणि कर्क्युमिन जेमतेम. आता सर म्हणतायत की शंभर नॅनोसेकंदांचं एमडी (मॉलिक्युलर डायनॅमिक्स, अणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन) जोडा, एमएम-जीबीएसए (त्यातून बाइंडिंग एनर्जीचा अंदाज) काढा आणि पेपर पाठवून द्या. तुम्हाला मात्र झोप येत नाहीये, कारण लॅब चुकली की सॉफ्टवेअर हेच कळत नाहीये. शिवाय तुमची रूममेट मॉफमधल्या (धातू आणि सेंद्रिय रेणूंचे सच्छिद्र पदार्थ) कार्बन डायऑक्साइडवर डीएफटी (इलेक्ट्रॉनांचं क्वांटम गणित) करतीये, तर डॉकिंग, एमडी, डीएफटी यातलं नक्की काय शिकावं हा दुसरा प्रश्न.

मी चौदा-पंधरा वर्षं हेच काम करतोय, आधी औषधांच्या बाजूला होतो आणि आता जास्त मटेरियल्सच्या. दोन्हीकडे सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हाच आहे, फक्त रेणू बदलतात. खरा प्रश्न लॅब की सॉफ्टवेअर हा नाहीच. तो असा आहे की या दोन कंपाउंडमध्ये फरक ज्या इंटरॅक्शनमुळे पडतो, ती इंटरॅक्शन तुम्ही वापरलेल्या पद्धतीला दिसते का? दिसत नसेल तर आकडा दशांशाच्या कितीही घरांपर्यंत आला तरी तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही, दुसऱ्याच कुठल्यातरी प्रश्नाचं आहे.

आधी आकड्यांचं माप डोक्यात पक्कं करून घ्या, कारण इथेच सगळे घसरतात. रूम टेंपरेचरला बाइंडिंग दहापट घट्ट होणं म्हणजे फक्त १.४ किलोकॅलरी प्रति मोलचा फरक. फक्त १.४! म्हणजे तुमच्या उणे ९.४ आणि उणे ७.९ मधला १.५ चा फरक शब्दशः घेतला तर कर्क्युमिन दहा-बारापट चांगलं असं होतं. आता व्हिनाच्या स्कोअरमध्ये प्रयोगाच्या तुलनेत नेहमी येणारी चूक २ ते ३ किलोकॅलरींची असते, हे व्हिना बनवणाऱ्यांनीही लपवलेलं नाही. म्हणजे ज्या पट्टीवर सगळ्यात लहान खूण अडीचची आहे त्या पट्टीने आपण दीड मोजतोय. चूक किती हे माहीत असताना एवढ्याशा फरकावरून कंपाउंडचा क्रम लावणं बरोबर नाही, आणि हे तुम्ही वायवामध्ये शांतपणे म्हणू शकता, कोणी खोडून काढणार नाही.

पण तुमच्या बाबतीत नुसती चूक मोठी आहे एवढंच नाही, चूक एका ठरावीक दिशेने झुकलेली आहे, आणि ते बघण्यासारखं आहे.

अकार्बोज म्हणजे साखरेसारख्या चार कड्यांची साखळी, अंगभर हायड्रॉक्सिल गट, फिरू शकणारे बाँड भरपूर. व्हिना काय करतो, तर प्रोटीनशी होणारे स्पर्श, हायड्रोफोबिक जवळीक आणि हायड्रोजन बाँड यांची बेरीज करतो आणि फिरणाऱ्या बाँडच्या संख्येनुसार त्या बेरजेला भागतो. म्हणजे लवचीक रेणूचा स्कोअर आपोआप कमकुवत होतो, आणि कर्क्युमिनसारखा दोन ॲरोमॅटिक (बेंझीनसारख्या) कड्या असलेला चपटा, तेलकट रेणू खिशात गेला की स्पर्शांची बेरीज फुगते. दुसरी गोष्ट, व्हिनाच्या मूळ स्कोअरिंगमध्ये अणूंवरचे पार्शियल चार्ज वापरलेच जात नाहीत, फाइलमध्ये ते दिसतात म्हणून लोकांना वाटतं वापरले असतील. आणि अकार्बोजचा सगळा जीव तिथेच आहे: त्याच्यात दोन कड्यांना जोडणाऱ्या ऑक्सिजनच्या जागी एक नायट्रोजन बसलाय, अमायलेजच्या ॲक्टिव्ह साइटमध्ये ॲस्पार्टेट १९७, ग्लुटामेट २३३ आणि ॲस्पार्टेट ३०० अशा तीन ॲसिडिक रेसिड्यू (प्रोटीनच्या साखळीतली अमिनो ॲसिड) आहेत, आणि त्यांच्यामध्ये हा नायट्रोजन प्रोटॉन धरून बसू शकतो. त्याला लागून असलेली डबल बाँडवाली कडी चपटी असते, एन्झाइम स्टार्च तोडताना मधल्या क्षणाला साखरेची कडी जशी वाकते साधारण तशी. थोडक्यात अकार्बोज हे ट्रान्झिशन स्टेटची नक्कल करतं म्हणून बसतं. चार्ज न बघणाऱ्या, कड्यांचा आकार इनपुट फाइलमध्ये असेल तोच कडक धरून चालणाऱ्या प्रोग्रॅमला ही नक्कल कशी ओळखता येणार? त्याने अकार्बोजला कमी मार्क दिले ते त्याच्या नियमाप्रमाणे बरोबरच दिले.

तिसरी गोष्ट पाणी. पाण्याच्या दोन रेणूंमधला हायड्रोजन बाँड हवेत मोजला तर सुमारे ५ किलोकॅलरींचा भरतो, म्हणून लोक पेपरात लिहितात की चार हायड्रोजन बाँड दिसले म्हणजे बाइंडिंग जबरदस्त. अहो, पण लिगँड (प्रोटीनला चिकटणारा रेणू) प्रोटीनकडे जायच्या आधी काही मोकळा बसलेला नव्हता, त्याचे हात पाण्याच्या हातात होतेच, ते सोडवून मग त्याने प्रोटीनचे हात धरले. हातात उरतो तो या दोन्हींमधला फरक, आणि तो कधी एखाद-दीड किलोकॅलरी असतो, कधी शून्य, कधी उलट नुकसान. त्यामुळे लिगप्लॉटच्या चित्रातल्या, हायड्रोजन बाँड दाखवणाऱ्या हिरव्या तुटक रेषा मोजून काही सिद्ध होत नाही. प्रोटीनमधल्या एखाद्या पाण्याच्या रेणूला हुसकावण्याने मात्र मोठा फायदा होऊ शकतो. एचआयव्ही प्रोटिएजमध्ये वरच्या दोन झडपांना इनहिबिटरशी जोडणारा एक पाण्याचा रेणू कायम दिसायचा, त्याची जागाच घेईल असा सायक्लिक युरियाचा सांगाडा डिझाइन करून १९९४ मध्ये तसे इनहिबिटर बनवले गेले. ते डिझाइन जमलं कारण त्या लोकांनी आधी पाणी मोजलं. तुम्ही डॉकिंगच्या आधी काय केलंत? बहुतेक ट्युटोरियलमध्ये दिलंय तसं सगळं पाणी आणि सगळे हेटरोॲटम (प्रोटीनच्या साखळीत नसलेले बाकीचे अणू) एका क्लिकमध्ये उडवले असणार.

आणि उडवले असतील तर त्यात क्लोराइडसुद्धा गेला! पॅनक्रियाटिक अमायलेजमध्ये एक कॅल्शियम आयन आणि ॲक्टिव्ह साइटच्या जवळ एक क्लोराइड आयन असतो, आणि क्लोराइडशिवाय हे एन्झाइम धड काम करत नाही. आठवा, तुमच्या बफरमध्ये मीठ का टाकलं होतं? पोर्साइन अमायलेजच्या नेहमीच्या प्रोटोकॉलमध्ये पीएच ६.९ च्या फॉस्फेट बफरमध्ये ६.७ मिलिमोलर सोडियम क्लोराइड असतं, ते याच आयनसाठी. म्हणजे लॅबमध्ये तुम्ही स्वतःच्या हाताने जो आयन घातलात तोच कॉम्प्युटरवर पुसून टाकलात. दोन्हीकडे एन्झाइमचं नाव एकच असलं तरी प्रयोग दोन वेगळ्या गोष्टींवर झाला.

लिगँडच्या फाइलचंही तेच. पबकेम या रेणूंच्या डेटाबेसवरून कर्क्युमिन उतरवलं असेल तर ते डायकीटो रूपात येतं, मधे सीएच-टू असलेलं. द्रावणात मात्र ते मुख्यतः ईनॉल रूपात असतं, सरळ आणि चपटं. दोघांचा आकार वेगळा, हायड्रोजन बाँडची जागा वेगळी. हे बारीकसारीक वाटतं, पण मी याची किंमत मोजलेली आहे. पूर्वी जिथे काम करायचो तिथे एका झिंक असलेल्या एन्झाइमवर प्रोजेक्ट होता, झिंकला धरून बसलेल्या एका हिस्टिडीनचा हायड्रोजन सॉफ्टवेअरने आपोआप चुकीच्या नायट्रोजनवर लावला आणि मी तो तपासला नाही. हिस्टिडीनवर हायड्रोजन या नायट्रोजनवर, त्या नायट्रोजनवर किंवा दोन्हीवर असू शकतो, म्हणजे तीन शक्यता, आणि तिथे एकच बरोबर होती. माझ्या यादीवर विश्वास ठेवून सिंथेसिसच्या टीमने सहा कंपाउंड बनवली, दोन महिने गेले, सहाच्या सहा निष्क्रिय. ज्या मुलीने ती बनवली होती ती काही बोलली नाही पण तिचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून डॉकिंगच्या आधी प्रत्येक हिस्टिडीन, प्रत्येक आयन, प्रत्येक टॉटोमर (हायड्रोजनची जागा बदलून होणारं रूप, जसं वरचं डायकीटो आणि ईनॉल) मी डोळ्यांनी बघतो, मग उशीर झाला तरी चालेल.

आता लॅबच्या बाजूचंही बोलू, कारण लॅबचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य असं नाही. कर्क्युमिन हे फार अवघड कंपाउंड आहे. शरीराच्या तापमानाला, पीएच ७.२ च्या साध्या फॉस्फेट बफरमध्ये त्याचा बहुतेक भाग अर्ध्या तासात तुटतो, पाण्यात नीट विरघळत नाही, गोळे धरतं आणि ते गोळे एन्झाइमला चिकटून खोटं इनहिबिशन दाखवू शकतात. वर पिवळाजर्द रंग, आणि फिनॉल असल्यामुळे डीएनएसएलाच रिड्यूस करायची शक्यता, म्हणजे रीडिंग दोन्ही दिशांना बिघडू शकतं. २०१७ मध्ये औषधरसायनातल्या लोकांनी कर्क्युमिनवर एक मोठा आढावा लिहिला होता, त्यात हेच सगळं पुराव्यांसकट मांडलंय. म्हणून एन्झाइम न घालता नुसतं कर्क्युमिन आणि डीएनएसए असा ब्लँक लावला होता का, ते गोळे फोडायला थोडं ट्रायटन (डिटर्जंट) घालून परत बघितलं का, हे मला माहीत नाही आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. एन्झाइम कुठलं होतं तेही. डॉकिंग माणसाच्या अमायलेजवर आणि बाटलीत बुरशीचं अमायलेज असं बऱ्याच कॉलेजांमध्ये होतं, आणि बुरशीच्या अमायलेजला तर क्लोराइड लागतच नाही. अल्फा-ग्लुकोसिडेजवर काम करणाऱ्यांचं याहून वाईट होतं, यीस्टचं एन्झाइम स्वस्त म्हणून ते घेतात आणि अकार्बोज यीस्टच्या एन्झाइमवर फारसं चालतच नाही, मग प्रत्येक पाल्याचा अर्क अकार्बोजपेक्षा भारी निघतो.

म्हणजे इथवरचं एवढंच, की दीडचा फरक पट्टीच्या चुकीपेक्षा लहान आहे, अकार्बोजला बसवणारी मुख्य इंटरॅक्शन व्हिनाला दिसत नाही, आणि तुमचं कॉम्प्युटरवरचं एन्झाइम आणि बाटलीतलं एन्झाइम एकच आहे का हे अजून ठरायचंय.

आता सरांचं शंभर नॅनोसेकंदांचं एमडी. एमडी वाईट नाही, उलट मला स्वतःला सगळ्यात आवडणारी पद्धत आहे, पण त्याने काय सिद्ध होतं ते नीट बघा. आकडेमोड सोपी आहे, मोबाइलवर करा. समजा एखादं कंपाउंड अगदी सुमार आहे, डिसोसिएशन कॉन्स्टंट (जितका लहान तितकं बाइंडिंग घट्ट) १० मायक्रोमोलर. लिगँड प्रोटीनला येऊन चिकटायचा वेग जास्तीत जास्त दहा कोटी प्रति मोलर प्रति सेकंद धरला तर सुटायचा वेग येतो सेकंदाला हजार, म्हणजे लिगँड सरासरी एक मिलिसेकंद आत बसतो. मिलिसेकंद म्हणजे शंभर नॅनोसेकंदांच्या दहा हजार पट. याचा अर्थ हे सुमार कंपाउंडसुद्धा तुमच्या अख्ख्या रनमध्ये जागचं हलणार नाही, आरएमएसडीचा (रेणू मूळ जागेपासून किती सरकला याचा) ग्राफ छान सपाट येईल, आणि पेपरात लिहिलं जाईल की कॉम्प्लेक्स स्थिर आहे. हजारपट नव्हे, शंभरपट वाईट कंपाउंड घेतलं तरी ते शंभर नॅनोसेकंद सहज टिकेल. म्हणून लिगँड टिकला ही बातमी नाही. लिगँड पहिल्या वीस नॅनोसेकंदांत निघून गेला किंवा उलटा फिरला तर ती बातमी, कारण मग डॉकिंगची पोझच चुकीची होती. एमडीचा हा उपयोग करा, खोटी पोझ पकडायला. आणि एकच लांब रन करण्यापेक्षा वेगवेगळ्या सुरुवातीच्या वेगांनी तीन-चार रन करा, सगळ्यांमध्ये तेच दिसलं तरच लिहा.

एमएम-जीबीएसएचे आकडे उणे ४०, उणे ५० असे येतात आणि बघून छाती फुगते. निसर्गातलं माहीत असलेलं सगळ्यात घट्ट नॉन-कोव्हॅलंट बाइंडिंग म्हणून बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिनचं उदाहरण देतात, ते साधारण उणे १८ किलोकॅलरी आहे. मग हळदीतला रेणू अमायलेजला उणे ४५ ने कसा बसेल? लिगँड बांधला गेल्यावर त्याची मोकळीक जाते, त्या एंट्रॉपीचा हिशोब बहुतेक वेळा धरलेलाच नसतो, आणि दोन प्रचंड आकड्यांची वजाबाकी करून लहान आकडा काढायचा असल्यामुळे चूक तिथेच राहते. एकाच सांगाड्याच्या कंपाउंडमध्ये कोण वर कोण खाली यासाठी कधीकधी कामाला येतं. अकार्बोज आणि कर्क्युमिन अशी दोन टोकाची कंपाउंड तुलना करायला अजिबात वापरू नका. फ्री एनर्जी पर्टर्बेशन नीट केलं तर चूक १ किलोकॅलरीच्या आसपास आणता येते, पण तेही जवळच्या दोन कंपाउंडमध्ये, मिथिलच्या जागी क्लोरीन घातला तर काय होईल अशा प्रश्नांना.

२०२० मध्ये घरी बसल्या बसल्या आपल्याकडे किती लोकांनी कोरोनाच्या मेन प्रोटिएजवर डॉकिंग केलं आठवतंय का? बहुतेकांनी ६एलयू७ हे स्ट्रक्चर घेतलं होतं. त्यातला इनहिबिटर प्रोटिएजच्या सिस्टेइन १४५ ला कोव्हॅलंट बाँडने जोडलेला आहे, खरा केमिकल बाँड. तो काढून त्याच जागी काढ्यातली कंपाउंड नॉन-कोव्हॅलंट स्कोअरने बसवली आणि मूळ इनहिबिटरशी तुलना केली, म्हणजे त्याचं मुख्य बळ मोजलंच नाही. मुलं मेहनती होती, हेतू चांगला होता, पण हा एक प्रश्न विचारायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

रूममेटच्या डीएफटीकडे येतो, तिथेही तोच प्रश्न आहे. लोकांना वाटतं डीएफटी म्हणजे क्वांटम, म्हणजे अचूक. साध्या बी३एलवायपी किंवा पीबीई फंक्शनलला (डीएफटीमधलं एनर्जीचं अंदाजे सूत्र) डिस्पर्शन दिसत नाही, म्हणजे दोन रेणूंमधली ती क्षीण ओढ जिच्यामुळे पाली भिंतीला चिकटतात आणि ग्राफाइटचे थर एकावर एक राहतात. ग्राफाइटच्या दोन थरांमधलं अंतर ३.३५ अँगस्ट्रॉम आहे, नुसत्या पीबीईला विचारलं तर थर जवळजवळ धरलेच जात नाहीत, अंतर चारच्या वर जातं. पेन्सिलीने कागदावर लिहिता येतं एवढा पुरावा समोर असताना! ग्रिमे यांची डी३ करेक्शन २०१० मध्ये आली, आता एक कीवर्ड टाकला की काम होतं, तरी आजही डिस्पर्शन न लावता ड्रग आणि ग्राफीनच्या ॲडसॉर्प्शनचे पेपर रिव्ह्यूला येतात आणि मला ते परत पाठवावे लागतात. छोटा बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करायला घेतलेली फंक्शन) असेल तर आणखी एक घोटाळा, दोन रेणू जवळ आले की एकमेकांचे बेसिस फंक्शन उसने घेतात आणि बाइंडिंग खोटं वाढतं, त्यासाठी काउंटरपॉइज करेक्शन लावायची.

प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइडचं प्रकरण तर सगळ्यांनी वाचायला हवं. प्रयोगात रेणू प्लॅटिनमच्या अणूच्या डोक्यावर बसतो. नेहमीचं डीएफटी म्हणतं तो तीन अणूंच्या मधल्या खळग्यात बसेल. २००१ मध्ये अनेक ग्रुपनी मिळून हे तपासलं, वेगवेगळे कोड वापरले, तरी सगळ्यांचं उत्तर तेच आणि सगळ्यांचं चूक, म्हणजे दोष कोडमध्ये नव्हता, पद्धतीतच होता. फंक्शनल त्या रेणूच्या रिकाम्या ऑर्बिटलची पातळी खाली दाखवत होतं, त्यामुळे धातूकडून येणारे इलेक्ट्रॉन जास्तच सोयीने आत जात होते आणि खळगा फायद्याचा दिसत होता. चार प्रोग्रॅमनी एकच उत्तर दिलं म्हणजे ते बरोबर, असं नसतं.

मॉफमध्ये मात्र गणिताने खूप दिलंय, २०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना या पदार्थांसाठीच मिळालं. तुमच्या रूममेटला मॅग्नेशियम-मॉफ-७४ घ्यायला सांगा. त्याच्या भोकांमध्ये मॅग्नेशियमची एक बाजू उघडी असते, कार्बन डायऑक्साइडचा ऑक्सिजन तिथे टेकतो, सुरुवातीची उष्णता मोलला ४७ किलोज्यूलच्या आसपास, साधारण ११ किलोकॅलरी. डिस्पर्शन लावून केलेलं डीएफटी इथे प्रयोगाच्या जवळ येतं, कारण इथली मुख्य इंटरॅक्शन त्याला दिसते. पण मग तिने पुढचा प्रश्न विचारायला हवा: थर्मल पॉवर स्टेशनच्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो साधारण १५ टक्के, सोबत पाण्याची वाफ असते, आणि उघड्या मॅग्नेशियमला पाणी त्याच्याहून जास्त घट्ट धरतं. कोरड्या हवेतलं गणित बरोबर असूनही चंद्रपूरच्या चिमणीसमोर ते निरुपयोगी ठरू शकतं, कारण शर्यतीत तिसरा भिडू होता आणि त्याला आपण घेतलंच नव्हतं. अमायलेजमधलं पाणी आणि मॉफमधलं पाणी, गोष्ट एकच.

याचा अर्थ सगळं भारी आणि महाग वापरायचं असा नाही. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये १९६३ साली काय वापरलं होतं? अणू म्हणजे कडक गोळे, एकमेकांत घुसणार नाहीत, बस. ना चार्ज, ना पाणी, ना क्वांटम. त्यातून जो नकाशा निघाला त्याने आजही जगातलं प्रत्येक प्रोटीन स्ट्रक्चर तपासलं जातं, कारण पेप्टाइडचा कणा कुठे वळू शकतो हा प्रश्नच मुख्यतः धक्काबुक्कीचा होता. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या अनीसुर रहमान यांनी अमेरिकेत ८६४ आरगॉन अणूंचं सिम्युलेशन केलं आणि द्रव आरगॉनचं वागणं प्रयोगाशी जुळलं, कारण आरगॉनमध्ये डिस्पर्शन आणि धक्का या दोनच गोष्टी महत्त्वाच्या आणि दोन्ही सूत्रात होत्या. साधी पद्धत, पण प्रश्नाला दिसायला हवं ते तिला दिसत होतं.

म्हणून काय शिकावं याला माझ्याकडे एक उत्तर नाही. बाँड तुटतो-जुळतो, धातू आहे, इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातोय, तर डीएफटी. हजारो अणू, पाणी, हालचाल, तर एमडी. दहा लाख कंपाउंडमधून पाचशे निवडायची आहेत, तर डॉकिंग, आणि डॉकिंगचं खरं काम तेच आहे, चाळणी. बारा कंपाउंडना चाळणी लावायची गरजच नसते, बारा तर लॅबमध्येच बघून होतात. कर्क्युमिनचा होमो-लुमो गॅप (भरलेल्या सगळ्यात वरच्या आणि रिकाम्या सगळ्यात खालच्या ऑर्बिटलमधला एनर्जीचा फरक) काढायचा मोह होईल, सगळे काढतात, पण एकट्या रेणूच्या गॅपवरून तो अमायलेजच्या खिशात बसेल का हे कळत नाही, तो वेळ वाचवा. त्याऐवजी इलेक्ट्रोस्टॅटिक पोटेन्शियलचा नकाशा काढा, रेणूच्या कुठल्या बाजूला धन काही येऊन टेकेल आणि कुठल्या बाजूला ऋण हे त्यातून थेट दिसतं. पुणे विद्यापीठात प्रा. श्रीधर गद्रे यांच्या ग्रुपने या विषयावर कित्येक वर्षं मूलभूत काम केलंय, आपल्या अगदी जवळचं आहे, त्यांचे पेपर काढून वाचा. मशीनची काळजी करू नका. पुण्याच्या आयसरला परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे ते ठीक, पण तुमचं डॉकिंग लॅपटॉपवर होतं आणि अमायलेजचं एमडी कुणाच्या गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डवरही नीट चालतं.

तुमच्या जागी मी असतो तर पुढचे दोन आठवडे असे घालवले असते. अकार्बोजसकट असलेलं पॅनक्रियाटिक अमायलेजचं क्रिस्टल स्ट्रक्चर घ्यायचं, कॅल्शियम आणि क्लोराइड तसेच ठेवायचे, आणि क्रिस्टलमधला लिगँड काढून परत डॉक करून तो २ अँगस्ट्रॉमच्या आत जुन्या जागी येतो का बघायचं. इथे एक खाच आहे, क्रिस्टलमध्ये अकार्बोज जसंच्या तसं दिसत नाही, एन्झाइमने त्यात साखरेचे तुकडे जोडून ते बदललेलं दिसतं, त्यामुळे कड्या मोजून घ्या. हेच जमलं नाही तर पुढचा एकही आकडा लिहायचा नाही. जमलं तर ज्यांचा इनहिबिशनचा आकडा आधीच माहीत आहे अशी दहा-पंधरा कंपाउंड, त्यात मुद्दाम निष्क्रियही, सगळी डॉक करून पद्धत चांगल्या-वाईटात फरक करते का तपासायचं. मग कर्क्युमिन ईनॉल रूपात. एमडी करायचंच तर अकार्बोज आणि कर्क्युमिन दोन्हीचं, तीन-तीन रन, आणि बघायचं फक्त एवढंच की नायट्रोजन ग्लुटामेट २३३ आणि त्या दोन ॲस्पार्टेटजवळ टिकतो का आणि कर्क्युमिन त्याच जागी राहतं की सरकतं.

सरांशी बोलताना डॉकिंग चुकलं असं म्हणू नका. म्हणा की सर, डॉकिंग आणि प्रयोग जुळत नाहीयेत आणि का जुळत नाहीत हे मला दाखवता येईल असं वाटतंय, क्लोराइड ठेवून आणि काढून दोन्ही करून बघू का? चांगल्या गाइडला हा प्रश्न आवडतो, आणि उणे ९.४ च्या दोनशेव्या पेपरपेक्षा हा पेपर जास्त वाचला जाईल.

तोवर तीन गोष्टी इथे टाका: एन्झाइमच्या बाटलीवर कुठला स्रोत लिहिलाय, बफरमध्ये मीठ किती होतं, आणि एन्झाइमशिवायच्या कर्क्युमिनच्या ब्लँकचं ५४० नॅनोमीटरचं रीडिंग. ब्लँक लावला नसेल तर तो उद्याच लावा, एमडीच्या आधी.